तीन वाजेपर्यंतचा बाक

आप्पा,

साप्ताहिकवाल्यांनी तुमच्यावर दोन शब्द मागितलेत, फोटोखाली छापायला. तुम्ही तालुकाध्यक्ष कधी झालात, कुठल्या कुठल्या समितीवर होतात, ते सगळं त्यांच्याकडे आहे. मी म्हटलं, तसलं माझ्याकडे मागू नका, मला जमणार नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय. आणि ते आत्ताच बोलायचंय, कारण मोबाईलवर काहीतरी लिहीत बसलं की आपण घाबरलोय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मी पौडला आहे. तहसील कचेरीच्या दारासमोर, तुमच्या त्या सिमेंटच्या बाकावर. तुमचं तेरावं अजून व्हायचंय आणि पंचायत समितीचा अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आजच आलाय. तीन वाजता मुदत संपते. बाकीच्या सगळ्या बायकांनी अर्ज मागे घेतले. उरलो दोघी. मी आपल्या पक्षाची, आणि फुटून पलीकडे गेलेल्या गटाकडून दत्ताची बायको. मी उठून आत गेले आणि एक सही केली की ती बिनविरोध. नाही उठले तर निवडणूक.

म्हणजे मला करायचं काय, तर काहीच नाही. बसून राहायचं. शिवणाच्या मशीनवर दिवस दिवस बसणारी बाई मी, मला बसायचं काय कौतुक! पण आज तेच जड जातंय.

ही बसायची रीत तुमचीच. माघारीच्या दिवशी बाकीचे पक्ष आपला उमेदवार लपवायचे. कुणाला ताम्हिणी घाट उतरून कोकणात न्यायचे, कुणाला धरणाकाठच्या बंगल्यावर. फोन काढून घ्यायचे आणि मटण खाऊ घालायचे. तुम्हाला ते आवडायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "लपवलेला मानूस कुटं हाय त्ये कुनाला ठावं नसतं. मंग त्याला कायबी करता येतं. चारचौघांत बसलेल्याला कोन हात लावतुया?" म्हणून आपल्या शाखेचा उमेदवार कचेरी उघडायच्या आधी या बाकावर येऊन बसायचा, शेजारी तुम्ही, मधे भाकरीचा डबा. समोरचे लोक यायचे, विनवायचे, दरडावायचे, पण जे काय बोलायचं ते सगळ्यांच्या देखत. तीन वाजले की तुम्ही धोतर झटकून उठायचात. "चला, आता मतं मागाया."

पक्षाचे सगळे दिवस तुम्ही याच बाकावर काढलेत. आपल्या चिन्हावर दगड उभा केला असता तरी निवडून आला असता, त्या काळाच्या गोष्टी तुम्ही हसत सांगायचात. तेव्हा इथं टेकायला जागा मिळायची नाही. मग कारखान्याच्या राजकारणात मोठी घराणी पलीकडे गेली. आपण विधानसभा हरलो, मग जिल्हा परिषद, मग तुमच्या स्वतःच्या भुकूममध्ये आपला माणूस पडला. पुढे जमिनींना भाव आला. आधी एजंट म्हटलं की मतदान केंद्रात आपल्या बाजूनं बसणारा पोरगा. नंतर एजंट म्हटलं की प्लॉट दाखवणारा. पोरं तीच होती. एका निवडणुकीला केंद्रावर बसायला माणूस मिळेना, तेव्हा काकींच्या भावाला, तुमच्या सख्ख्या मेहुण्याला, तुम्ही पहाटे अंथरुणातून उठवून नेलंत, आणि तो दिवसभर तिथं पेंगत बसला.

आणि शेवटी वर मुंबईत पक्ष फुटला. इथं आपल्या कार्यालयाला दोन कुलपं लागली, एक त्यांचं, एक आपलं. ना त्यांना दार उघडता येई, ना आपल्याला. तुम्ही पायरीवर सतरंजी टाकून बैठक घेतलीत. मी म्हटलं, "आप्पा, लोकं हसतायत." तर म्हणालात, "हसू दे की. हसाया तरी आल्यात." त्या दिवशी दत्ता दुसऱ्या कुलपाशी उभा होता. तुमच्या ओट्यावर वाढलेला दत्ता. तुमच्या जीपच्या टपावर कर्णा धरून घसा बसवून घेतलेला. तुम्ही त्याला एवढंच विचारलंत, "जेवलास का?" मला तुमचा राग आला होता. तुमच्या जागी मी असते तर चार शब्द सुनावले असते.

तुमच्यावर रागावणं हे माझं शाखेतलं कामच होतं. पहिल्यांदा तुमच्या घरी बैठकीला आले, तेव्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत चहा आणि मला एकटीला कडेचा कानतुटका कप. वस्तीतली बाई म्हणून. मी तो हातात घेतला नाही. तुम्ही बोलत बोलत आलात, माझ्यापुढचा कप उचलून पिऊन टाकलात आणि तुमचा पेला माझ्यापुढे सरकवलात. भाषण नाही, काही नाही. आत काकींनी भांडी आपटल्याचा आवाज मात्र आला. पुढच्या बैठकीपासून पेला मिळायला लागला. जाताना तुम्ही मोठ्यानं "जय भीम" म्हणालात, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाच्या पक्षात राहायचं, पक्ष हरो की जिंको.

आणि तरी एक वर्ष होतं, आप्पा. त्या वर्षावरून आपण शेवटपर्यंत भांडलो.

माझा प्रशांत तेव्हा तिसरीत होता. त्याचे वडील नुकतेच गेले होते. पंचायत समितीचा आपला मतदारसंघ, आपला गण, अनुसूचित जातीच्या महिलांसाठी राखीव झाला आणि तुम्ही माझं नाव दिलंत. आमच्या नेरे गावात घरोघर फिरले मी, चप्पल झिजली. माघारीच्या आदल्या दिवशी तुम्ही घरी आलात, पाणीसुद्धा न पिता उभ्या उभ्या म्हणालात, "सुमन, मागं घे. गावाची एकी हुतीया. बिनविरोध करू." मी विचारलं, "आणि बाकावर बसायचं?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "तू नगं येऊ उद्या. हितंच सही कर. सूचक मीच हाय, मी नेऊन देतो." मी सही केली. वस्तीला पाण्याची टाकी मिळाली. तुमचा सत्कार झाला, एकीचं राजकारण म्हणून.

नंतर मी सरपंच झाले, शाखेची महिला अध्यक्ष झाले, पण प्रत्येक निवडणुकीला तो विषय निघायचा. मी म्हणायचे, बिनविरोध म्हणजे कुणाचं तरी तोंड दाबलेलं असतं. तुम्ही म्हणायचात, टाकीचं पानी ग्वाड लागतंय नव्हं? मी म्हणायचे, टाकीचा आणि माझ्या अर्जाचा काय संबंध? तुम्ही चष्मा पुसायला लागायचात. चष्मा पुसायला लागलात की संपलं.

यंदा गण सर्वसाधारण महिलांसाठी सुटला. जातीचं आरक्षण नाही, काही नाही, तरी तुम्ही माझंच नाव वर पाठवलंत. बैठकीत एक-दोघं म्हणाले, आप्पा, खुल्या जागेवर? तुम्ही म्हणालात, "खुल्या म्हंजी समद्यांला खुली." आणि अर्ज भरून आठवडा झाला नाही तोवर तुम्हाला बावधनच्या दवाखान्यात नेलं.

तिथं मी भेटायला आले, तेव्हा नाकात नळी होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज इतका बारीक, की मी खाली वाकले. "सुमन, तवा मला भ्या वाटलं व्हतं." एवढंच. कधीचं बोलताय ते मला लगेच कळलं. विचारायला हवं होतं, कशाचं भ्या? कुणाचं? पण तुम्ही आणि भीती, हे मला जुळवताच येईना. मी तुमची चादर नीट केली आणि बाहेर किती ट्रॅफिक आहे ते सांगत बसले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्ही कुणाला भ्यालात हे कळलं नाही, पण मी कुणाला भ्याले ते सांगते.

परवा संध्याकाळी दत्ता घरी आला. दारात पांढरी गाडी, गाडीत आणखी दोघं, ते उतरले नाहीत. दत्ता आत आला, रीतसर चप्पल बाहेर काढून. तुमच्या फोटोला हात जोडले. मी चहा केला. तो खूप गोड बोलला, आप्पा. मला तेच जड गेलं. म्हणाला, "वहिनी, बाकीच्यांनी मोठं मन केलं. तुमीबी करा. बिनविरोध झालं तर गावाला मान हाय. आप्पा असते तर त्येंनी ह्येच सांगितलं असतं. मागं सांगितलंच व्हतं की." मी म्हटलं, विचार करते. त्यानं चहा संपवला, पेला स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि चपला घालता घालता म्हणाला, "प्रशांत अजून गाडीवरनंच जातोय का हिंजवडीला? आपल्या नेऱ्याच्या रस्त्याला डंपर लई बेकार चालवत्यात, वहिनी. सांभाळून जा म्हनावं."

बस. एवढंच म्हणाला. मी पोलिसांत जाऊन काय सांगू? माझ्या पोराची काळजी केली म्हणून? तो गेल्यावर मी दाराची कडी लावली. दिवस मावळायच्या आत मी कधी कडी लावत नाही. प्रशांतच्या गाडीचा आवाज येईपर्यंत मी मशीनच्या पायडलवर पाय ठेवून नुसती बसले होते. कुणाचं तरी ब्लाउज होतं हातात, त्याला उलटी बाही लागली.

मी त्याच्यापासून लपवणार होते. आजारी आहे, झेपत नाही, असं काहीतरी सांगून अर्ज मागे घ्यायचा, असं भात शिजेपर्यंत माझं ठरलंसुद्धा होतं. पण तो हात धुऊन समोर बसला आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालंय?" मला खोटं जमलं नाही. दत्ता जे बोलला ते तस्संच सांगितलं. हेही सांगितलं, की तू म्हणशील ते करते. जीव तुझा आहे, मी परस्पर ठरवणार नाही.

तो बराच वेळ भात कालवत राहिला. घाबरला होता. माझा मुलगा घाबरला की डाव्या हाताने कान चोळतो, लहानपणापासून. मग म्हणाला, "आई, मी आता रोजच्या रोज वर्क फ्रॉम होम मागू का? बिघडलेले कॉम्प्युटर घरी घेऊन येतील का ते?" आणि हसला. "मी जातो तसाच जाणार. तू बस जाऊन. फक्त मला पोचल्यावर फोन करायची आठवण करू नकोस, मीच करीन." मी त्याला ओरडले, हेल्मेटचा पट्टा लावत जा म्हणून. दुसरं काय करणार?

आज सकाळी तो पोचला तेव्हा फोन आला. आता तो सहाला सुटेल.

इथवर लिहून थांबले होते. मधल्या वेळात जे झालं ते सांगते, तुम्हाला ते कळायलाच हवं.

दत्ता सकाळपासून समोर गाडीला टेकून उभा होता. माझ्यासाठी त्यानं दोनदा चहा पाठवला, मी दोन्ही वेळा बाकावर तसाच निवू दिला. आपल्या शाखेतलं कुणी फिरकलं नाही. कुणाचं लग्न निघालं, कुणाची गाडी बंद पडली. मला त्यांचा राग नाही, मीही सकाळी घरातून निघताना कुणाची तरी गाडी बंद पडावी तशी दारात अडले होते. बारा वाजले. आत खिडकीशी उभा असलेला माणूस माझ्याकडे बघून घड्याळाकडे बघायचा. मला वाटलं, आपण उठावं. खरं सांगते आप्पा, मी पिशवी खांद्याला लावलीसुद्धा.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि काकी उतरल्या.

एकट्या. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर, हातात तुमचाच तो पितळी डबा. तेरावं व्हायच्या आधी ही बाई घराबाहेर पडली, हे बघून कचेरीच्या आवारातलं बोलणं बंद झालं. त्या सरळ आल्या आणि तुमच्या जागी बसल्या. जन्मात कधी या कचेरीत आल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "काकी, तुम्ही कशाला? लोकं काय म्हणतील?"

"म्हनू दे. तेराव्यापत्तुर भाईर पडू नये म्हनत्यात. पन ह्यो बाक मोकळा कसा ठिवायचा?" त्यांनी डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि त्याच डब्यातली चटणी दोघींनी खाल्ली. कानतुटक्या कपाची आठवण त्यांनाही आली असावी. कारण माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "तवा चुकलं माजं." मी म्हटलं, खावा आता.

मग मी त्यांना विचारलं, जे तुम्हाला विचारायचं राहिलं ते. आप्पा त्या वर्षी कुणाला भ्याले?

काकींनी घास खाली ठेवला. "तुला ठावं न्हाई? सांगितलं न्हाई त्येंनी?" मग हळूहळू म्हणाल्या, "समोरची मानसं आली व्हती आमच्या ओट्यावर. च्या पिली. जाताना म्हनली, त्या सुमनचं पोरगं साळंला चालत जातंय न्हवं? रस्त्याला खडीच्या गाड्या लई. असं म्हनून गेली. ह्ये रातभर बसून व्हते. म्हनले, तिचा नवरा गेला, आता पोराला काय झालं तर मी कुटल्या तोंडानं तिच्या दारात जाऊ? मी म्हनलं, तिला सांगा तरी. तर म्हनले, न्हाई, सांगितलं की ती मागं घ्यायची न्हाई, लई हट्टी हाय." काकींनी डब्याचं झाकण सरळ केलं. "दत्ता व्हता तवा तितं. च्या त्यानंच आनून दिला त्या लोकास्नी."

आप्पा, माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. म्हणजे ते वाक्य दत्ता तुमच्या ओट्यावर शिकला. आणि ते वाक्य चालतं, त्यापुढे आप्पासुद्धा मान खाली घालतात, हेही तो तिथंच शिकला.

मी तुमच्यावर इतकी वर्षं ज्यासाठी चिडले, ते माझ्या पोरासाठी होतं. मला रडू आलं, ते तुमच्या मायेचं आलं. आणि त्याच रडण्यात रागही आला. का नाही सांगितलंत मला? माझं पोर होतं, माझी भीती होती, ती मला न विचारता तुम्ही एकट्याने उचललीत आणि वर टाकीची गोष्ट सांगत बसलात. मी कदाचित मागे घेतलंही असतं. पण मी घेतलं असतं. हे भांडण आता कुणाशी करू? उठून या आणि चष्मा तरी पुसा.

आम्ही दोघी बोलतोय हे बघून दत्ता आला. काकींच्या पायाला हात लावला. "काकी, तुमी हितं कशाला आलात? चला, गाडीनं सोडतो."

काकी हलल्या नाहीत. मोठ्यानं म्हणाल्या, खिडकीतल्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात, "दत्ता, परवा ह्या बाईच्या घरी तू काय म्हनलास त्ये हितं म्हन. समद्यांच्या देखत. ह्येंच्या बाकावर असंच असतं."

सगळे बघायला लागले. दत्ताने इकडेतिकडे पाहिलं. "काय न्हाई काकी. काळजीपोटी बोललो."

"मंग काळजीच म्हन. कुनाची, कशाची, त्ये म्हन."

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. क्षणभर मला तोच कर्णा धरून घसा बसलेला पोरगा दिसला, आणि वाटलं, यालाही कुणीतरी असंच एक वाक्य सांगून पाठवलं असेल. तो मागे फिरला. पण गाडीत बसून गेला नाही. गाडी अजून समोर उभी आहे.

तीनला आतून शिपाई आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, गुलाल नाही. मी उभीसुद्धा राहिले नाही. निवडणूक होणार, एवढं झालं. जिंकेन की पडेन याचा विचार करायला डोक्यात जागा नाही. या लोकांनी एक वाक्य बोलून पाहिलं आणि ते चाललं नाही. आता ते काय करतील, हे मला माहीत नाही, आणि मला फार भीती वाटतेय, आप्पा. तुम्ही म्हणायचात चारचौघांत बसलेल्याला कोणी हात लावत नाही. पण प्रशांत चारचौघांत नाही. तो रस्त्यावर असेल.

काकी डबा धुऊन आल्या. मी म्हटलं, झाले तीन, चला, तुम्हाला रिक्षात बसवून देते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भ्या वाटतंय?"

"व्हय."

"मंग बस." असं म्हणून त्यांनी पदर सावरला आणि पुन्हा तुमच्या जागी टेकल्या. "त्यो कितीला सुटतुया?"

तुम्ही तीन वाजले की धोतर झटकून उठायचात. आज तीन केव्हाच वाजून गेले, कचेरीतले लोकही एकेक करून निघालेत. आम्ही दोघी अजून बसलोय. प्रशांतचा घरी पोचल्याचा फोन आला की उठू.